चोवीस तास करंट

“आरं ए शहाण्या, घरी तरी धड जोडतोस का रं? का बायकोच्या मिक्सरला बी सुतळीच बांधलीस?”

मिस्त्री ओरडत होता. त्याचं डोकं माझ्या गाडीच्या डॅशबोर्डखाली, पाय दाराबाहेर आणि आवाज जिंतूर रोडच्या पार त्या टोकाला. कापसाच्या गाठी नेणाऱ्या एका ट्रकवाल्यानं तर ब्रेक मारला, खिडकीतून डोकं काढून ‘मला म्हणालात का’ असं विचारलं आणि खात्री झाल्यावरच तो पुढे गेला. मीही घाबरून खाली वाकलो.

“मिस्त्री, हे मी नाही जोडलेलं.”

“तुमाला कोण म्हनायलंय?” आतून एकदम मऊ आवाज आला. “तुमी सावलीला बसा, च्या घ्या. मी ह्याच्याशी बोलायलोय.” आणि पुन्हा वरची पट्टी. “हेडलाइटला टेपरिकार्डाची वायर? आन् जोड कशानं झाकला, तर दवाखान्याच्या चिकटपट्टीनं? वायरीला ताप आला व्हता का रं?”

‘ह्याच्याशी’ म्हणजे ज्याच्याकडून मी गाडी घेतली त्या जुन्या मालकाशी. तो त्या वेळी तिथून चाळीसेक किलोमीटरवर, जिंतूरच्या पलीकडच्या आपल्या गावात निवांत असणार. मिस्त्रीला त्यानं काही फरक पडत नसे. ज्यानं वायर घातली तो माणूस मिस्त्रीच्या लेखी त्या गाडीतच बसलेला असायचा, आणि शेवटची वायर निघेपर्यंत त्याला खाली उतरायची मुभा नसायची. समोरच्या गिऱ्हाइकाशी मिस्त्री देवळात बोलावं तसं हळू बोले. ओरडायचा तो फक्त समोर नसलेल्यावर.

मी विमा विकतो. म्हणजे दिवसभर बोलूनच पोट भरतो, तेव्हा माझ्या सांगण्यातून वाचणाऱ्यानं आपल्या हिशोबानं थोडं छाटून घ्यावं. गाडीच्या वायरिंगबद्दल मात्र मी कमीच सांगतो आहे. खेड्यापाड्यांत हिंडायला म्हणून मी ती जुनी पांढरी मोटार घेतली. तिला पाच हॉर्न होते. त्यातला एक इतका हुबेहूब हंबरायचा, की मानवतच्या रस्त्यावर एक म्हैस दोन किलोमीटर मागे धावत आली होती. डावीकडे वळायचा दिवा लावला की वायपर एकदा फिरून यायचा, जणू विचारायला आला, ‘खरंच डावीकडे?’ रेडिओ बंद केला तरच आतला दिवा लागे. आणि रात्रभर गाडी नुसती उभी राहिली तरी सकाळी बॅटरी उतरलेली. गल्लीतले चौघे रोज धक्का द्यायचे. त्या उन्हाळ्यात त्यांच्या मांड्या अशा तयार झाल्या, की जत्रेतल्या कुस्तीच्या फडात उतरवायला हरकत नव्हती.

पण या सगळ्याहून जास्त त्रास म्हातारीचा होता.

गाडी मागे घ्यायला गिअर टाकला, की डिकीतून एक म्हातारी बोलायची. “येऊ दे... येऊ दे... आरं येऊ दे की... बास. बास म्हनलं न्हवं?” इतर गाड्यांत मागे जाताना टिंवटिंव वाजतं, इथं ही. आवाज खणखणीत, दात नसलेला, हुकूम सोडायची सवय असलेला. मागे भिंत हातभर असो नाहीतर मैलभर, तिचा ‘बास’ ठरल्या वेळीच यायचा. पहिल्याच दिवशी मी तिच्यावर भरवसा ठेवला आणि शेजाऱ्याची पाण्याची टाकी फोडली. बायको दारात उभी राहून म्हणाली, “माझी सासू जाऊन दहा वर्षं झाली. तुम्ही दुसरी घेऊन आलात.”

पहिल्याच आठवड्यात मी जुन्या मालकाला फोन लावून बॅटरीवरून नको नको ते बोललो होतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, ‘बरं’ म्हणाला आणि फोन ठेवला. हे लक्षात ठेवा. कारण पुढे त्याला पुन्हा फोन करायची माझी हिंमत झाली नाही ती यामुळेच.

---

मिस्त्रीचं दुकान म्हणजे रोडच्या कडेला एक लिंब आणि लिंबाला टेकलेलं एक पत्र्याचं शेड. पाटी नव्हती. शेजारी मावशींची चहाची टपरी, त्यामुळे पत्ता विचारला की लोक ‘मावशीच्या बाजूला, जिथं ओरडायलेत तिथं’ असं सांगत. माणूस हाडकुळा. इतका, की गाडीच्या कुठल्याही फटीत शिरे. एकदा त्याला शोधत मी पाच मिनिटं गाडीभोवती फिरलो आणि तो हेडलाइटच्या मागून म्हणाला, “इथं हाव.” गळ्यात डॉक्टरच्या नळीसारखा टेस्टरचा बल्ब लोंबायचा. उजव्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेलं, वायर सोलायला. वायर हुंगून ती कधी तापली ते सांगायचा. “ही मागल्या पोळ्याच्या आसपास जळत व्हती,” म्हणायचा, आणि मालक आठवून आठवून म्हणायचा, हो, बैलांच्या मिरवणुकीसाठी म्हणून गाडीवर दिव्यांच्या माळा लावल्या होत्या खऱ्या.

काढलेली वायर तो टाकत नसे. प्रत्येक गाडीची वायर वेगळी गुंडाळायचा, पुठ्ठ्याचा तुकडा अडकवायचा आणि लिंबाच्या खोडाला ठोकलेल्या खिळ्यावर लटकवायचा. पुठ्ठ्यावर खडूनं लिहिलेलं, ‘सेलूचे मास्तर’, ‘पाथरीचा ट्रॅक्टर’, ‘नवरदेवाची जीप’. वारा सुटला की सगळं झाड वायरींनी खुळखुळायचं.

“मिस्त्री, हे भंगारात का देत नाही?” मी एकदा विचारलं.

“माझं हाय का ते?”

“मग कोणाचं?”

“ज्यानं घातली त्याचं. उद्या मागायला आला तर काय सांगू?”

इतक्या वर्षांत कोणी आलं नव्हतं. आपल्याच हातची घाण परत मागायला कोण येतं?

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे त्याची इजाजत. शब्द त्याचाच. जी वायर कशासाठी आहे ते कळतं, ती तो खुशाल काढायचा, शिव्यांच्या तालावर. पण जिचं काम उमगत नाही, ती कितीही गचाळ असली तरी ज्यानं जोडली त्याला विचारल्याशिवाय तोडायची नाही. “त्याला काय तरी नड असंल,” म्हणायचा. “उगं कोनी बोनेटला भोक पाडत न्हाई. जा, इच्यारून या.” एवढा वेळ ज्याचे आईबाप काढले, त्याच्याच परवानगीसाठी हा हात आखडून बसायचा. एका डॉक्टरांना त्यानं जुन्या मालकाच्या शोधात दोनदा गंगाखेडला पाठवलं. एका टेम्पोचा जुना मालक ऊसतोडीला गेलेला, फोन लागेना, तर टेम्पो दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत लिंबाखाली उभा राहिला. त्यावर मावशींच्या दुधी भोपळ्याचा वेल चढला, आणि मी शपथेवर सांगतो, पहिला भोपळा ड्रायव्हरच्या सीटवर धरला.

दुसरं खूळ ब्रेकचं. काम कशाचंही असो, हॉर्नचं नाहीतर काच वर-खाली करायचं, गाडी ताब्यात देण्याआधी मिस्त्री स्वतः मागे जाऊन उभा राहायचा. “दाबा.” आपण ब्रेक दाबायचा. लाल दिवा लागायचा. “सोडा. दाबा. सोडा. दाबा.” मी एकदा मोजलं, एकवीस वेळा. माझी पोटरी भरून आली.

“लागतोय ना दिवा?” मी वैतागून म्हणालो.

“लागायलाय.”

“मग?”

“दाबा.”

हसत हसत हे मी मावशींना सांगायला गेलो, नक्कल करून. मावशी हसल्या नाहीत. चहाचं पातेलं उतरवून ठेवत त्या म्हणाल्या, “तुमाला म्हाईत न्हाई का? त्याचा भाऊ तसाच गेला.”

मग त्यांनी सांगितलं. पुष्कळ वर्षांपूर्वी पिंगळी स्टेशनवरून प्रवासी आणणारी एक जीप मिस्त्रीकडे आली होती. आधीच्या मालकानं तिच्यात मनाला येईल तसं वायरिंग केलेलं. तेव्हा मिस्त्री तरुण, हात झपाट्याचा. त्यानं दिवसभरात सगळं उचकटून नवं केलं. एक वायर छताच्या कापडातून मागे गेली होती, कशाची ते कळेना, ती त्यानं ओढून फेकून दिली. ती मागच्या ब्रेकच्या दिव्याची होती. मूळची वायर आत कुठंतरी तुटलेली, म्हणून आधीच्या मालकानं वरून दुसरी घातली होती. दोन दिवसांनी जीप स्टेशनच्या रस्त्यावर शेळी आडवी आली म्हणून थांबली, मागून ट्रक येत होता, त्याला दिवा दिसला नाही. जीपच्या मागच्या फळीवर मिस्त्रीचा सख्खा धाकटा भाऊ बसलेला होता.

“तो आधीचा मालक तर हितंच पिंगळीला ऱ्हायचा,” मावशी म्हणाल्या. “सायकलवर अर्धा घंटा लागतो. तेच धरून बसलाय मनात. इच्यारलं असतं तर सांगितला असता, आन् सांगितला असता तर भाऊ वाचला असता. ह्याच्यावरच जगायलाय तो. म्हनून तुमी कितीबी चिडा, इच्यारल्याबिगर तोडायचा न्हाई.”

चहा मी गार होईपर्यंत धरून बसलो. हे ऐकूनही, दोनच दिवसांनी, मी जे केलं ते केलं.

---

तीन दिवसांत मिस्त्रीनं माझी गाडी सोलून काढली. चार हॉर्न निघाले, सीटखालचा स्पीकरचा एक डबा निघाला, निळे दिवे निघाले, आणि एवढी वायर निघाली की अंथरली असती तर टोक वसमतला जाऊन लागलं असतं. डाव्या दिव्यानं वायपर फिरणं थांबलं. राहिली एक वायर. पांढरी, दवाखान्याच्या चिकटपट्टीनं बांधलेली. बॅटरीवरून सरळ निघून, पत्र्याला पाडलेल्या भोकातून आत येऊन, गालिच्याखालून पार डिकीपर्यंत. तिथं काडेपेटीएवढी एक डबी. म्हातारी त्या डबीत होती.

मिस्त्री डिकीत मांडी घालून बसला होता. मला गिअर टाकायला सांगून त्यानं म्हातारीला चार वेळा बोलायला लावलं. ओरडला नाही. कान देऊन ऐकत राहिला.

“ही बाई कोन हाय?” त्यानं विचारलं.

“मला काय माहीत? काढून टाका. गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नाही.”

“आवाज काढता येतो. पर हे बगा.” त्यानं पांढरी वायर बोटावर घेतली. “मागं घेताना बोलायचं, तर रिव्हर्सच्या दिव्यावरून करंट घेतला असता तरी चाललं असतं. ह्यानं तो बी घेतलाय, आन् वर बॅटरीवरून डायरेक चोवीस तास करंट दिलाय. फ्यूज न्हाई, काय न्हाई. तुमची बॅटरी थोडीफार ह्येबी खायलंय. चोवीस तास कामून दिला असंल?”

“अडाणी असेल, म्हणून.”

“अडानी न्हाई. बाकी सगळं गचाळ केलंय, ही एकच वायर जपून घातलीय. चार जागी बांधून घेतलीय.” मग नेहमीचं आलं. “फोन लावा. दोन गोष्टी इच्यारा. ही बाई कोन हाय, आन् चोवीस तास करंट कशाला दिला.”

ज्याला महिन्यापूर्वी मी फोनवर भाजून काढला होता, त्याला आता ‘दादा, म्हातारी कोण’ असं विचारायचं? दुसऱ्या दिवशी मला मानवतला तीन पॉलिसींच्या सह्या घ्यायच्या होत्या. ऊन मी म्हणत होतं. मी मोबाइल कानाला लावला आणि टपरीच्या मागे गेलो.

आता हे मी चांगलं करतो, हे कबूल केलं पाहिजे. मी नंबर न लावताच नमस्कार केला. ‘हां, हां’ म्हणालो. मध्ये थांबलो, हसलो, ‘नाही हो, त्या दिवशी जरा जास्त बोललो, राग मानू नका’ असंही म्हणालो. ती माफी खरी मागितली असती तर पुढचं काही झालं नसतं, असं मला फार दिवस वाटायचं. मिस्त्री फडक्याला हात पुसत लांबून बघत होता.

“काय म्हनला?”

“म्हणाला, आवाज असाच दुकानातून भरून घेतला. ओळखीची कोणी बाई नाही. गंमत म्हणून.”

“दुकानातली बाई ‘आरं’ म्हनती?”

“खेड्यातलं दुकान असेल.”

“आन् करंट?”

“उगाच दिला म्हणाला. काढून टाका म्हणाला, खुशाल.”

मिस्त्री थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मी नजर वळवली नाही, तो माझा धंदाच आहे. मग तो म्हणाला, “बरं. इजाजत हाय तर हाय.” आणि कात्रीनं वायर कापली. डबी त्यानं पुसली, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली, पांढऱ्या वायरीचं भेंडोळं खिळ्याला लटकवलं आणि पुठ्ठ्यावर लिहिलं, ‘जिंतूरची म्हातारी’. मग मागे जाऊन उभा राहिला. “दाबा.”

बॅटरी पुन्हा कधी उतरली नाही. गल्लीतल्या चौघांना सकाळी काय करावं सुचेना. बायको म्हणाली, गाडी मागे घेताना आता कसं सुनं सुनं वाटतं. आम्ही दोघंही हसलो.

---

पावसाळा सरत आला होता. दुपारी जेवून मी आडवा झालो होतो तेवढ्यात दारात एक माणूस. पन्नाशीचा, पांढरी टोपी, टोपीखाली डोक्यावर केसांचे खुंट नुकते आलेले, हातात कापडी पिशवी. मी ओळखलं नाही. तो दारातून आत आला नाही, अंगणात उभ्या गाडीकडं बघत राहिला.

“तुमाला गाडी दिली व्हती मी,” तो म्हणाला.

मला वाटलं, त्या शिव्यांचा हिशोब चुकता करायला आला.

“बसा की. पाणी घ्या.”

“न्हाई, बसत न्हाई. एक काम व्हतं.” त्यानं पिशवीतून मोबाइल काढला, नवा होता, अजून वरचा कागदही निघाला नव्हता. “गाडी एकदा मागं घेता का? ह्याच्यात भरून घेतो अन् जातो. माझी माय वारली. चाळीस दिवस झाले.”

मी खुंटीवरची गाडीची किल्ली काढली आणि पुन्हा अडकवली.

“फोटो हाईत,” तो सांगत होता. “आवाज कुठंच न्हाई. ती मोबाइल बगितला की तोंडाला पदर लावायची. गाडी घेतली तवा रोज मागं उभी ऱ्हाऊन मला म्हनायची, येऊ दे, येऊ दे. पाय दुखायले तिचे, तरी यायची. म्हनून मी म्हनलं, बये, एकदा बोल ह्या डबीत, मंग तू घरात बस. तवा बोलली. तेवढंच हाय.”

“डबी आहे,” मी म्हणालो. अंगात एकदम जीव आला माझ्या. “मिस्त्रीकडं जपून ठेवलेली आहे. चला, आत्ता जाऊ. तो काही टाकत नाही, चिंताच करू नका.” रस्ताभर मी मिस्त्रीचं कौतुक करत होतो. झाड सांगितलं, खिळे सांगितले, भोपळा सांगितला. तो माणूस पहिल्यांदाच जरासा हसला.

मिस्त्रीनं डबी काढली तेव्हा त्याचाही चेहरा उजळला होता. इतक्या वर्षांनी कोणीतरी मागायला आलं होतं. त्यानं फडक्यानं ओटा पुसला, डबी ठेवली, खिळ्यावरून तीच पांढरी वायर उतरवून सोलली, बॅटरीला लावली. त्या माणसानं मोबाइल पुढे धरला. मावशी टपरीतून येऊन उभ्या राहिल्या.

खरर्र झालं. मिस्त्रीनं वायर काढून पुन्हा लावली. पुन्हा खरर्र. वाळू चाळावी तसा आवाज, मध्ये एकही शब्द नाही.

“ह्याचा करंट तोडला व्हता का?” त्या माणसानं विचारलं.

“काढून ठेवली व्हती,” मिस्त्री म्हणाला.

“मंग गेला आवाज. डबी देणाऱ्यानं सांगितलं व्हतं, करंट तुटला की आतलं पुसतं. म्हनून तर बॅटरीवरून डायरेक दिला व्हता. चोवीस तास.”

मिस्त्रीनं वायर हातातून खाली ठेवली. “पर तुमालाच इच्यारलं व्हतं न्हवं? ह्यांनी फोन केला व्हता. तुमी म्हनलात, उगं दिलाय, काढून टाका.”

“मला शिव्या द्यायला आला व्हता एक फोन. गाडी घेतली त्या आठवड्यात. त्याच्या मागून न्हाई आला.”

मिस्त्री माझ्याकडे वळला. मी वाट बघत होतो की आता तो ओरडेल. त्याच्या ओरडण्यानं माणूस हलका होतो, हे मला तोवर कळलेलं होतं. तो ओरडला नाही. “आठ दिस द्या मला,” त्या माणसाला म्हणाला. माझ्याशी बोललाच नाही.

आठ दिवस त्यानं दुसरी गाडी घेतली नाही. डबी उघडली, आतल्या तांदळाएवढ्या तुकड्यांवर भिंग धरून बसला. दोनदा बसनं नांदेडला जाऊन रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याला दाखवून आला. मावशी म्हणाल्या, जेवायचा डबा तसाच परत जायलाय. मी रोज जायचो, लांब उभा राहायचो आणि परत यायचो.

नवव्या दिवसापासून मिस्त्री वायरिंग उघडत नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्या दिवसाचं शेवटी सांगून मला मोकळं होता येईल. आज तुम्ही गेलात तर तो बल्ब बदलून देईल, फ्यूज घालून देईल. आतलं काही असेल तर ‘दुसरीकडं दाखवा’ म्हणतो. लिंबावरची भेंडोळी त्यानं एका सकाळी उतरवली आणि भंगारवाल्याच्या हातगाड्यावर घातली, पुठ्ठ्यांसकट. खोडात नुसते खिळे राहिलेत. गाडी देताना मागे जाऊन उभा राहत नाही. ओरडणं तर कधीच ऐकू येत नाही, आणि नवीन माणसांना दुकान सापडत नाही.

तर नवव्या दिवशी तो माणूस पुन्हा आला, त्याच पिशवीसह. मीही गेलो होतो. मिस्त्रीनं डबी त्याच्या हातात दिली आणि म्हणाला, “न्हाई आला.” त्यानं मान हलवली. त्याला ते आधीच ठाऊक असावं.

मग मी बोललो. आयुष्यात पहिल्यांदा काहीही न जोडता बोललो. म्हणालो, “यात मिस्त्रीची काही चूक नाही. त्यांनी मला विचारायला सांगितलं होतं, दोन्ही गोष्टी, बाई कोण आणि करंट कशाला. मी फोन न लावताच लावल्यासारखं केलं. खोटं बोललो. दोष माझा आहे.”

त्या माणसानं डबी पिशवीत ठेवली. माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मिस्त्री मात्र एक पाऊल पुढे आला. त्याच्या गळ्यातला टेस्टर हलत होता. त्याला माझ्या कबुलीत काही रस नव्हता, त्याला दुसरंच काही हवं होतं, आणि ते इतकं हवं होतं की मावशींनी हातातलं काम थांबवलं.

“ह्यांनी फोन केला असता,” मिस्त्री हळू म्हणाला, “खरंच इच्यारलं असतं, तर तुमी म्हनला असता न्हवं, हात लावू नका म्हनून? वाचला असता न्हवं आवाज?”

तो माणूस पिशवीचे बंद बांधत होता. बांधून झाल्यावर म्हणाला, “न्हाई. काढून टाका म्हनलो असतो. तवा माय घरीच व्हती.”